लिनक्स कर्नलमधलं मेमरी ऑर्डरिंग आणि डेटा डिपेंडन्सी बॅरिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीयू माझा कोड मी लिहिलाय त्याच क्रमाने का चालवत नाही?

स्वतःपुरता चालवतो की. एकाच कोअरवरच्या कोडला आपलं सगळं क्रमानेच झालंय असं दिसतं, एवढी हमी प्रत्येक प्रोसेसर देतो. गडबड सुरू होते ती दुसऱ्या कोअरवरून बघितल्यावर. तुम्ही लिहिलेली किंमत लगेच कॅशेमधे, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत जात नाही, आधी स्टोअर बफर नावाच्या तात्पुरत्या रांगेत पडून राहते, कारण ती कॅशे लाइन (कॅशेमधला त्या पत्त्याचा तुकडा) दुसऱ्या कोअरकडून मागवून घ्यायला वेळ लागतो आणि तोवर कोअरला नुसतं बसवून ठेवणं परवडत नाही. वाचायच्या बाजूला पुढची वाचनं आधीच उरकून घेतली जातात. आणि या सगळ्याच्या आधी कंपायलरने हात फिरवलेला असतो, त्याने दोन ओळींची अदलाबदल केली असेल, एखादं वाचन लूपच्या बाहेर काढलं असेल, एखादं लिहिणं गाळूनच टाकलं असेल, आणि सी भाषेच्या नियमाने त्याला ते सगळं करायची परवानगी आहे कारण दुसरा थ्रेड तिथे डोकावतोय हे त्याला तुम्ही सांगितलेलंच नसतं.

म्हणजे क्रम बदलणारे दोघं आहेत, कंपायलर आणि हार्डवेअर. बहुतेक लोक दुसऱ्याला घाबरतात आणि पहिल्याला विसरतात.

प्रत्यक्षात बिघडतं काय? एखादं छोटं उदाहरण द्या ना.

हे घ्या, कर्नलमधे हजारो ठिकाणी सापडेल असं. एक कोअर नवीन स्ट्रक्चर भरतो आणि मग पॉइंटर सगळ्यांना दिसेल असा ठेवतो, दुसरा कोअर तो पॉइंटर उचलून आतलं वाचतो. लॉक नाही. यातले रीड_वन्स आणि राइट_वन्स म्हणजे हे वाचन किंवा लिहिणं गाळू नको, मोडतोड करू नको असं कंपायलरला सांगणारे मॅक्रो.

लिहिणारा:
  नवा->किंमत = ४२;
  एसएमपी_डब्ल्यूएमबी();
  राइट_वन्स(चालू, नवा);

वाचणारा:
  प = रीड_वन्स(चालू);
  क = प->किंमत;

लिहिणाऱ्याकडचा तो मधला एसएमपी_डब्ल्यूएमबी हा राइट बॅरिअर, म्हणजे आधीची लिहिणी नंतरच्या लिहिण्यांच्या आधी दिसली पाहिजेत असं बजावणारी सूचना. तो काढला तर पॉइंटर आधी आणि ४२ नंतर बाहेर पडू शकतात, आणि वाचणाऱ्याला नवा पॉइंटर पण आत जुना कचरा असं दिसतं. हे आर्म, पॉवर या प्रोसेसरवर खरंच होतं. इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरा प्रश्न वाचणाऱ्या बाजूचा आहे, तिथे बॅरिअर का नाही लिहिला? तोच पुढचा प्रश्न.

डेटा डिपेंडन्सी म्हणजे नेमकं काय?

वरच्या उदाहरणात दुसरं वाचन कुठल्या पत्त्यावर करायचं हेच पहिल्या वाचनातून कळतं. प हातात आल्याशिवाय प->किंमत कुठून आणणार? म्हणून जवळपास प्रत्येक प्रोसेसर हा क्रम फुकटात पाळतो, वेगळी सूचना द्यावी लागत नाही. कर्नलच्या जुन्या कागदपत्रांत याला डेटा डिपेंडन्सी म्हणायचे, आता अ‍ॅड्रेस डिपेंडन्सी म्हणतात. नवीन मांडणीत डेटा डिपेंडन्सी हे नाव वाचलेली किंमत पुढच्या लिहिण्यात वापरली जाते त्या प्रकाराला ठेवलंय, जुने पॅच वाचताना तेवढं लक्षात ठेवा. तिसरा प्रकार कंट्रोल डिपेंडन्सीचा, म्हणजे वाचलेल्या किंमतीवर इफ लावून पुढे काही करणं. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण तिथे फसायच्या जागा जास्त आहेत.

आणि हा क्रम फुकट असणं ही छोटी गोष्ट नाही हो. आरसीयू, म्हणजे वाचणाऱ्याला लॉक न घेता वाचू देणारी कर्नलमधली पद्धत, जी २००२ मधे २.५ च्या डेव्हलपमेंट सिरीजमधे आली, तिच्या वाचणाऱ्या बाजूचा सगळा वेग यावरच उभा आहे. राउटिंग टेबल, डिरेक्टरीची कॅशे, सगळीकडे वाचणारा कुठलंही लॉक न घेता, कुठलीही बॅरिअरची सूचना न चालवता पॉइंटरमागून पॉइंटर धरत जातो.

मग "जवळपास प्रत्येक" का म्हणालात? अपवाद कुठला?

डीईसी अल्फा. डिजिटल कंपनीने १९९२ मधे आणलेला ६४ बिटचा प्रोसेसर, लिनक्सच्या सगळ्यात जुन्या पोर्टपैकी एक, आणि मेमरी ऑर्डरिंगच्या बाबतीत कर्नलला भेटलेला सगळ्यात ढिला.

तिथे काय व्हायचं ते नीट समजून घ्या, कारण "अल्फा पत्ता अंदाजाने ठरवतो" असं काहीतरी लोक सांगतात आणि ते कारण नाहीये. अल्फाच्या काही चिपमधे डेटा कॅशे दोन बँकांमधे विभागलेली असते, काही लाइन एका बँकेत आणि काही दुसऱ्या. दुसऱ्या कोअरने काही लिहिलं की तुमच्याकडची जुनी लाइन बाद करा असा निरोप येतो आणि तो निरोप त्या त्या बँकेच्या रांगेत लागतो. आता समजा पॉइंटरची लाइन ज्या बँकेत आहे ती मोकळी आहे आणि किंमतीची लाइन ज्या बँकेत आहे ती कामात आहे. लिहिणाऱ्याने बॅरिअर घालून निरोप बरोबर क्रमाने पाठवलेत, काही चूक नाही त्याची, पण वाचणाऱ्याकडे पॉइंटरचा निरोप लगेच लागू झाला आणि किंमतीचा अजून रांगेतच आहे. कोअर नवा पॉइंटर वाचतो, बरोबर पत्ता काढतो, त्या पत्त्यावर आपल्या कॅशेत बघतो आणि तिथे जुनी लाइन अजून जिवंत असते. मिळतं जुनं.

म्हणजे डिपेंडन्सी असूनही क्रम चुकला. म्हणून वाचणाऱ्याने दोन वाचनांच्या मधे त्या रांगा आधी निकाली काढ असं सांगणारा बॅरिअर घालायचा, त्यालाच डेटा डिपेंडन्सी बॅरिअर म्हणत. कर्नलमधे त्याचं नाव एसएमपी_रीड_बॅरिअर_डिपेंड्स. अल्फावर ती खरी बॅरिअरची सूचना व्हायची, बाकी सगळीकडे काहीच नाही.

ते फंक्शन आता सापडत नाही. कुठे गेलं?

रीड_वन्सच्या पोटात गेलं. ४.१५ आवृत्तीत, म्हणजे २०१८ च्या जानेवारीत, अल्फावरच्या रीड_वन्समधेच तो बॅरिअर घातला गेला, आणि मग वेगळं फंक्शन ठेवायचं कारणच उरलं नाही म्हणून ५.९ मधे, २०२० च्या ऑक्टोबरात, ते पूर्ण काढून टाकलं. लॉकलेस_डीरेफरन्स नावाचा त्याचा भाऊपण याच सफाईत गेला.

मला हा निर्णय फार योग्य वाटतो. जो बॅरिअर तुमच्या मशीनवर, तुमच्या टेस्टरच्या मशीनवर, ग्राहकाच्या मशीनवर शून्य काम करतो तो लोक विसरणारच, आणि विसरल्याचं कुणालाच कळणार नाही. त्यापेक्षा अल्फाला थोडं हळू होऊ द्या आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं काढा. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या ड्रायव्हरमधे ते नाव दिसलं तर घाबरू नका, त्या ठिकाणी पॉइंटर रीड_वन्सने किंवा आरसीयू_डीरेफरन्सने वाचलाय ना एवढं बघा.

अल्फा आता वापरतं कोण? काढूनच का नाही टाकत?

हौशी लोक वापरतात, आणि खर्च फक्त अल्फावर पडतो, इतरांच्या रीड_वन्समधे एकही जास्तीची सूचना नसते. अगदी जुन्या चिप मात्र २०२४ च्या ६.१० मधे काढल्या, ईव्ही५६ च्या आधीच्या. कारण ऐकण्यासारखं आहे, त्या चिपना एकटा बाइट लिहिताच यायचा नाही, आख्खा शब्द वाचून त्यात बदल करून परत लिहायचा, आणि तेवढ्यात शेजारचा बाइट दुसऱ्या कोअरने बदलला असेल तर तो बदल पुसला जायचा. असल्या हार्डवेअरवर कुठलाही बॅरिअर कामाचा नाही.

म्हणजे आता डिपेंडन्सीचा विचारच सोडून देऊ?

अजिबात नाही, हे पान लिहायचं मुख्य कारणच हा प्रश्न आहे. बॅरिअर लपला, डिपेंडन्सी तिथेच आहे, आणि आज तिला धोका अल्फाचा नाही, कंपायलरचा आहे. हार्डवेअर पत्त्यावरचं अवलंबित्व पाळतं, पण ते मशीन कोडमधे उरलं असेल तर! कंपायलरने ते मधेच उडवून दिलं तर सीपीयूला बिचाऱ्याला काय कळणार.

सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे पॉइंटरची तुलना. समजा तुम्ही पॉइंटर वाचला आणि लिहिलं, जर प हा &डीफॉल्ट_नोंद इतका असेल तर प->किंमत वापर. आता कंपायलर म्हणतो, या इफच्या आत प म्हणजे डीफॉल्ट_नोंदच, मग पॉइंटर कशाला वापरू, सरळ तिचा पत्ता घालतो. झालं, दुसऱ्या वाचनाचा पहिल्याशी पत्त्याचा संबंध तुटला, उरला फक्त इफचा, आणि दोन वाचनांमधला इफचा क्रम आर्म पाळत नाही. नल आहे का हे तपासणं चालतं, कारण नल असेल तर तुम्ही आत डोकावणारच नाही. खऱ्या व्हेरिएबलच्या पत्त्याशी तुलना करून मग तोच पॉइंटर डीरेफरन्स करणं, म्हणजे त्यातून आतलं वाचणं, टाळा.

दुसरा प्रकार अ‍ॅरेच्या इंडेक्सचा. इंडेक्स वाचला, त्याला आकार वजा एक असा मास्क (बिटवाइज अँड) लावला, आणि एखाद्या कॉन्फिगरेशनमधे आकार एक निघाला. मास्क शून्य, उत्तर कायम शून्य, कंपायलर वाचलेली किंमत वापरतच नाही. ट्रू-फॉल्स किंमतीवरून डिपेंडन्सी ओढायचा प्रयत्न पण असाच हमखास मोडतो, त्यामुळे डिपेंडन्सी शक्यतो पॉइंटरवरच ठेवा, पूर्णांकावर नको.

हे कर्नलवाले किती गांभीर्याने घेतात ते बघायचं तर ६४ बिट आर्मचा कोड उघडा, लिंक करताना सगळ्या प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन करणारा एलटीओ चालू असेल तर तिथे रीड_वन्स साधं वाचन न राहता अक्वायर वाचन होतं, म्हणजे त्यानंतरचं काहीही त्याच्या आधी होऊ न देणारं. कंपायलरला जास्त दिसायला लागलं की तो डिपेंडन्सी मोडण्याची शक्यता वाढते म्हणून.

इफ लावला की क्रम आपोआप पाळला जातो असं ऐकलंय, खरं का?

अर्धं. आधी वाचन, मग इफ, आणि इफच्या आत लिहिणं, हा क्रम हार्डवेअर पाळतं, कारण अंदाजाने केलेलं लिहिणं बाहेर दाखवता येत नाही. इफच्या आत वाचन असेल तर मात्र काही हमी नाही, इफ कुठे वळेल याच्या ब्रँच प्रेडिक्टरने बांधलेल्या अंदाजावर सीपीयूने ते कधीच करून ठेवलेलं असतं, तिथे एसएमपी_आरएमबी (वाचनांचा बॅरिअर) किंवा अक्वायर लागणारच.

आणि लिहिण्याच्या बाबतीतही अटी आहेत. वाचन रीड_वन्सने आणि लिहिणं राइट_वन्सने हवं. इफ आणि एल्स दोन्हीकडे एकाच व्हेरिएबलमधे तीच किंमत लिहिली असेल तर कंपायलर ते लिहिणं उचलून इफच्या वर नेतो आणि क्रम संपला. इफ संपल्यानंतरच्या लिहिण्यालाही ही हमी लागू नाही. माझं मत विचाराल तर, सतत, प्रचंड वेळा चालणारा कोड नसेल तर कंट्रोल डिपेंडन्सीवर विसंबूच नका, एसएमपी_लोड_अक्वायर लिहा आणि शांत झोपा.

व्होलटाइल लावलं तर भागेल ना?

नाही. व्होलटाइल कंपायलरला त्या एका व्हेरिएबलपुरतं बांधतं, सीपीयूला काहीच सांगत नाही. रीड_वन्स आणि राइट_वन्सच्या आत व्होलटाइल कास्टच आहे, पण ते जिथे हवं तिथे, त्या एका वाचण्या-लिहिण्यापुरतं. व्हेरिएबलच्या घोषणेतच ते टाकलेला पॅच पाठवलात तर रिव्ह्यूमधे परत येईल.

आमच्या सर्व्हरवर बॅरिअरशिवाय वर्षानुवर्षं चालतंय की. मग?

सर्व्हर एक्स८६ असणार, म्हणजे इंटेल किंवा एएमडीचा. तिथला नियम बराच कडक आहे, लिहिणी एकमेकांत क्रम सोडत नाहीत, वाचनंही नाहीत, बाहेरून दिसणारी अदलाबदल एकच, आधीचं लिहिणं आणि नंतरचं दुसऱ्या जागेचं वाचन यांची, कारण लिहिणं स्टोअर बफरमधे अडकलेलं असताना वाचन पुढे निघून जातं. त्यामुळे एक्स८६ वर एसएमपी_डब्ल्यूएमबी आणि एसएमपी_आरएमबी म्हणजे नुसते कंपायलरचे बॅरिअर, फक्त एसएमपी_एमबी हा पूर्ण बॅरिअर खरी सूचना बनतो, लॉक प्रिफिक्स लावलेली एक बेरीज.

तोच कोड आर्मवर गेला की आत्तापर्यंत झाकलेलं सगळं उघडं पडतं. आणि आर्म आता फक्त फोनमधे नाही, क्लाउडमधे आहे, लॅपटॉपमधे आहे. अ‍ॅपलने आपल्या एम१ चिपमधे एक्स८६ सारख्या कडक क्रमाचा वेगळा मोडच दिला, कारण इंटेलसाठी बनवलेले प्रोग्राम तिथे चालवताना प्रत्येक वाचण्या-लिहिण्याला बॅरिअर लावणं परवडलं नसतं. पुण्या-बंगळुरात ड्रायव्हरचं काम करणाऱ्या मंडळींना कळकळीने सांगतो, तुमचं टेस्टिंग फक्त इंटेलच्या डब्यावर होत असेल तर ऑर्डरिंगचं टेस्टिंग झालेलंच नाही असं धरा.

बॅरिअर घातला की लिहिलेलं लगेच दुसऱ्या कोअरला दिसतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. बॅरिअर वेग वाढवत नाही, काही फ्लश करून पोचवत नाही, तो फक्त दोन गोष्टींचा आपसातला क्रम ठरवतो. हे दिसलं असेल तर तेही दिसेलच, एवढंच त्याचं वचन.

आणि म्हणूनच एकटा बॅरिअर निरर्थक आहे. लिहिणाऱ्याच्या एसएमपी_डब्ल्यूएमबीला वाचणाऱ्याकडे जोडीदार पाहिजे, एसएमपी_आरएमबी असेल, अक्वायर असेल, किंवा पत्त्याची डिपेंडन्सी असेल, पण काहीतरी हवंच. बॅरिअर लिहिताना कॉमेंटमधे जोडीदाराचं फंक्शन आणि कुठल्या दोन गोष्टींचा क्रम हवाय ते लिहा. चेकपॅच स्क्रिप्ट कॉमेंट नसलेल्या बॅरिअरवर बोट ठेवते ते उगाच नाही, ज्या माणसाला ती कॉमेंट लिहिता येत नाही त्याला बॅरिअर का घातलाय तेच नीट माहीत नसतं.

एवढे प्रकार आहेत, नवीन कोडमधे कुठला वापरू?

लॉक. खरंच, आधी लॉक वापरून बघा. लॉक घेणं म्हणजे अक्वायर, सोडणं म्हणजे रिलीज, आतला माल बाहेर जात नाही. बाहेरचा आत येऊ शकतो, त्यामुळे एक लॉक सोडून लगेच दुसरं घेतलं म्हणजे पूर्ण बॅरिअर झाला असं समजू नका.

लॉक परवडत नसेल तर पॉइंटर प्रसिद्ध करण्यासाठी आरसीयू_असाइन_पॉइंटर आणि आरसीयू_डीरेफरन्स. फ्लॅग किंवा इंडेक्ससाठी एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि एसएमपी_लोड_अक्वायर. हे वाचायला सोपे, कारण क्रम कुठल्या व्हेरिएबलशी बांधलाय ते तिथेच दिसतं, आणि ६४ बिट आर्मवर त्यांच्यासाठी वेगळ्या सूचनाच आहेत. सुटे बॅरिअर सगळ्यात शेवटी.

अ‍ॅटॉमिक वापरलं की बॅरिअर मिळतोच ना?

जे अ‍ॅटॉमिक (मधे दुसऱ्या कोअरला शिरू न देता एका झटक्यात होणारी ऑपरेशनं) बदल करून किंमत परत देतात त्यांना पूर्ण क्रम मिळतो, उदाहरणार्थ अ‍ॅटॉमिक_डेक_अँड_टेस्ट. नुसतं अ‍ॅटॉमिक_इंक किंवा सेट_बिट काहीच क्रम देत नाही, हवा असेल तर आधी-नंतरचे वेगळे बॅरिअर आहेत. सीएमपीएक्सचेंज, म्हणजे जुनी किंमत जुळली तरच नवी लिहिणारं ऑपरेशन, फसलं तर त्यालाही क्रम नसतो.

आमचा थ्रेड कधीकधी झोपतो तो उठतच नाही. याचा संबंध आहे का?

असू शकतो, आणि हा एक्स८६ वरसुद्धा चावतो. झोपणारा आधी स्वतःची स्थिती "झोपलोय" अशी लिहितो आणि मग अट वाचतो, उठवणारा आधी अट लिहितो आणि मग स्थिती वाचतो. दोन्हीकडे लिहिणं आणि मग वाचन, म्हणजे एक्स८६ नेमकी ज्याची अदलाबदल करतं तेच. दोघांनीही जुनी किंमत वाचली तर उठवणारा म्हणतो हा जागाच आहे, झोपणारा म्हणतो अट अजून झाली नाही, आणि थ्रेड कायमचा झोपला. म्हणूनच सेट_करंट_स्टेटमधे पूर्ण बॅरिअर असतो आणि उठवणाऱ्या फंक्शनमधेही. स्थिती थेट लिहिली असेल किंवा अट आधी तपासून मग स्थिती बदलली असेल तर तिथे बघा. शक्य असेल तर वेट_इव्हेंट वापरा, ते हे सगळं नीट करतं.

नेटवर्क कार्डच्या डिस्क्रिप्टर रिंगसाठी एसएमपी_डब्ल्यूएमबी चालेल का?

नाही. एसएमपी_ वाले बॅरिअर सीपीयू ते सीपीयू एवढ्यासाठीच आहेत, एका कोअरच्या कर्नलमधे तर ते नुसते कंपायलर बॅरिअर होतात, पण डिव्हाइस तर तिथेही असतंच ना. डिस्क्रिप्टर (डिव्हाइसला कामाचा तपशील देणारी मेमरीतली नोंद) भरून मालकी डिव्हाइसकडे देण्याआधी डीएमए_डब्ल्यूएमबी, मालकी परत आली का हे बघून आतलं वाचण्याआधी डीएमए_आरएमबी. मग डोअरबेल वाजवायला, म्हणजे काम तयार आहे हे डिव्हाइसला कळवायला, राइटएल, त्यात आधीची लिहिणी डिव्हाइसला दिसतील एवढा क्रम आलेलाच असतो. राइटएल_रिलॅक्स्ड वापरलंत तर ती जबाबदारी तुमची.

तपासायचं कसं? असले बग तर महिन्यातून एकदा येतात.

चालवून बघण्यावर भरवसा ठेवू नका, कागदावर सिद्ध करा. ४.१७ पासून, म्हणजे २०१८ पासून, कर्नलच्या सोर्समधेच टूल्स/मेमरी-मॉडेल या फोल्डरमधे औपचारिक मेमरी मॉडेल आहे. तुमचा प्रसंग दोन-तीन थ्रेडच्या छोट्या लिटमस टेस्टमधे उतरवायचा आणि हर्ड७ नावाच्या टूलला द्यायचा, ते शक्य तेवढे सगळे क्रम तपासून नको असलेला निकाल येऊ शकतो की नाही ते सांगतं. टेस्ट छोटी ठेवा, मोठी केली की शक्यता भराभर वाढतात आणि टूल अडकतं. त्याच लिटमसचं कर्नल मॉड्यूल बनवून खऱ्या हार्डवेअरवर चालवायला क्लिटमस७ आहे. कॉलेजच्या मुलांना सुचवेन की रास्पबेरी पाय ४ घ्या, त्यातला कॉर्टेक्स-ए७२ सूचना क्रम सोडून चालवतो, पाय ३ मधला ए५३ क्रमाने चालवतो, त्यामुळे ढिलेपणा बघायला ४ जास्त उपयोगी.

मोठ्या कोडसाठी ५.८ मधे आलेला केसीसॅन चालू करा, तो रीड_वन्स किंवा राइट_वन्सशिवाय दोन कोअर एकाच जागेवर भिडले की रिपोर्ट देतो. रिपोर्ट आला की नुसतं रीड_वन्स चिकटवून त्याचं तोंड बंद करू नका, आधी दुसऱ्या बाजूला कोण लिहितंय ते शोधा आणि त्या दोघांमधे कुठला क्रम हवाय ते ठरवा, बऱ्याचदा तिथे अक्वायर-रिलीज किंवा सरळ लॉकच राहून गेलेलं असतं.